रविवारची शांतता

परदेशीं विद्याविनिमयासाठीं गेलेला विद्यार्थी सुटीचे दिवस आसपास पायीं भटकण्यांत घालवितो, तेव्हां तो संधि वायां दवडतो काय? १९८७ सालीं इरॅस्मस योजना सुरू झाल्यापासून युरोपांत अशा विद्यार्थ्यांचें येणें-जाणें फार वाढलें. आणि शनिवारीं एक राजधानी, रविवारीं दुसरी, ही धांवपळच पुष्कळांस प्रवासाचें सार्थक वाटते. आम्हांस तसें वाटत नाहीं.

हायडेलबर्गचेंच उदाहरण घ्या. जर्मनीनें रविवारच्या विश्रांतीस १९१९ च्या राज्यघटनेंत संरक्षण दिलें, व १९४९ च्या घटनेनें तें कलम कायम ठेविलें. त्यामुळें त्या दिवशीं बहुतेक दुकानें बंद असतात. नवख्यास ही शांतता प्रथम बोंचते, घर आठवतें. परंतु विकत घेण्याजोगें कांहीं उरलें नाहीं, म्हणजे मनुष्य पाहूं लागतो. नेकार नदीवरील जुना पूल ओलांडून ‘तत्त्वज्ञांच्या वाटे’नें टेकडी चढणारा विद्यार्थी आरंभीं केवळ प्रेक्षक असतो, दहाव्या रविवारीं मात्र समोरून येणारा एखादा वृद्ध त्यास ओळखून मान लववितो. त्या क्षणीं तो शेजारी होतो.

शहरें मोजून परतणाऱ्यानें देश पाहिला, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या देशानें त्यास पाहिलें काय?