तळणीच्या तेलाचं संचित

वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करण्याचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत सहज बसतो. तळणीचं तेल फडक्यातून गाळायचं, तापवून त्यातलं पाणी घालवायचं, कॉस्टिक सोडा विरघळवलेलं मेथॅनॉल लिटरमागे सुमारे २०० मिलिलिटर या प्रमाणात मिसळायचं आणि मिश्रण ६० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर ढवळत ठेवायचं. मेथॅनॉल ६४.७ अंशांना उकळतं, तिथवर पोचू द्यायचं नाही. रात्रभरात खाली ग्लिसरीनचा तपकिरी थर बसतो आणि वर बायोडिझेल राहतं. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या शाळांना तर या प्रयोगाचा संदर्भ शोधायला लांब जायला नको. हिंजवडीच्या आयटी पार्कमधली उपाहारगृहं याच तालुक्यात, पावसाळ्यात ताम्हिणीकडे लोटणाऱ्या गर्दीसाठी पौड रस्त्याला भजी-वडे तळणाऱ्या कढया याच तालुक्यात, १९९७ साली सुरू झालेलं महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज इथल्याच एका टेकडीवर, आणि जैवइंधनांवर काम करणाऱ्या प्राज इंडस्ट्रीजची संशोधन प्रयोगशाळाही इथेच, उरवड्याला. कच्चा माल, विद्यार्थी आणि उद्योग एकमेकांच्या शेजारी आहेत. प्रश्न पडतो तो प्रयोगाच्या वहीत शेवटी लिहिल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल. ‘कचऱ्यापासून इंधन मिळाले, पर्यावरणाची सेवा झाली’ असं वाक्य तिथे हमखास येतं. पहिला अर्धा भाग रसायनशास्त्राचा आहे. दुसरा नीतिशास्त्राचा आहे, आणि त्याची परीक्षा कुठल्याच परीक्षानळीत झालेली नसते.

या दुसऱ्या भागात एक दावा दडलेला आहे: आपण केलेली घाण आपण कामाला लावली, तर ते पुण्य ठरतं. कर्माचा हिशेब मांडण्यात ज्यांनी आयुष्यं घालवली त्या मीमांसकांसमोर हा दावा ठेवून पाहिला, तर तो टिकत नाही. त्यांनी कर्माचे प्रकार पाडले. फळाच्या इच्छेने केलं ते काम्य, रोज करायलाच हवं ते नित्य, प्रसंग उद्भवला म्हणून करावं लागतं ते नैमित्तिक, चूक झाली म्हणून करायचं ते प्रायश्चित्त. यात नित्यकर्माचं गणित विलक्षण आहे. ते केल्याने स्वर्ग मिळत नाही, पण न केल्याने दोष लागतो. त्यांच्यातल्या प्रभाकराच्या अनुयायांनी तर फळाचा विचारच बाजूला ठेवला. विधी आहे म्हणून करायचं, एवढंच. कुमारिल या दुसऱ्या मीमांसकाच्या परंपरेने साठलेल्या पापाचा क्षय होतो इतकी सवलत दिली, पण खात्यात नवी जमा तिनेही दाखवली नाही. माझं म्हणणं असं, की तळणीच्या तेलाची नीट विल्हेवाट हे या अर्थाने नित्यकर्म आहे. त्याला सेवा म्हणणं हा वर्गवारीतला घोटाळा आहे, आणि या घोटाळ्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते. शनिवारी मारुतीवर वाहिलेल्या तेलाचं पुण्य ज्याला मागायचं त्याने मागावं. कढईत उरलेल्या तेलाच्या नावावर ते मागता येणार नाही.

नित्यकर्माच्या या कल्पनेवर सर्वांत धारदार हल्ला शंकराचार्यांनी केला आहे. न करणं म्हणजे अभाव. अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू कशी निपजेल, असं ते गीताभाष्यात विचारतात. संध्या केली नाही, तर काहीच घडलं नाही. मग ‘काहीच नाही’मधून पाप कुठून आलं? तर्क म्हणून हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण तेलाच्या बाबतीत ‘न करणं’ हा अभाव नसतोच. शिक्षकाने प्रयोग केला नाही, उपाहारगृहाने तेल संकलकाला दिलं नाही, म्हणून ते तेल नाहीसं होत नाही. ते मोरीत जातं, गटारात थिजतं, ओढ्यावाटे मुळा नदीच्या पाण्यावर तवंग होऊन पसरतं. किंवा याहून वाईट, ते विकलं जातं. मोठ्या स्वयंपाकघराने टाकलेलं तेल स्वस्तात छोट्या गाड्यांकडे पोचतं आणि पुन्हा तापतं, ही या व्यवसायातली जुनी वहिवाट आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम केला, की ज्या तेलातलं ध्रुवीय संयुगांचं एकूण प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं ते खाण्यासाठी वापरायचं नाही. १ मार्च २०१९ पासून, दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणीला लागणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, असंही ठरलं. हे नियम आले ते आरोग्यासाठी. इंधन त्यांच्या मागून आलं. म्हणजे तेल बायोडिझेलकडे वळवण्याचा खरा लाभ टाकीत नसून पोटात आहे: शेवटच्या गाडीवर वडा खाणाऱ्या माणसाच्या पोटात ते पुन्हा जात नाही. आचार्यांच्या प्रश्नाला इथे उत्तर मिळतं. दोष अभावातून निघत नाही. आपण हात आखडता घेतल्यावर जे आपोआप घडत राहतं, त्यातून निघतो. निसर्गात आणि बाजारात रिकामी जागा राहत नाही.

काहीजण म्हणतील, मग याला प्रायश्चित्त म्हणा. तेही जमत नाही. प्रायश्चित्तात पुन्हा न करण्याचा संकल्प गृहीत असतो. इथे उद्या सकाळी कढई पुन्हा चढणार आहे, आणि चढावी. तळलेलं खाणं हा अपराध आहे असं मी म्हणत नाही.

पुण्याच्या भाषेने नुकसान होतं ते हिशेबात. प्रयोगातला सर्वांत बोधप्रद टप्पा टायट्रेशनचा असतो. ताज्या तेलाला लिटरमागे साधारण साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. पुन्हा पुन्हा तळून काळवंडलेल्या तेलात मुक्त मेदाम्लं वाढलेली असतात, ती आधी सोडा खातात. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग टिकेपर्यंत किती द्रावण लागलं, यावरून जास्तीचा सोडा ठरतो. जितकं तेल दमलेलं, तितका साबण अधिक आणि इंधन कमी. तेलाने मागच्या जन्मी काय भोगलं ते रसायनशास्त्र विसरत नाही. त्याचं संचित ब्युरेटवर वाचता येतं. विसरतो तो हिशेबनीस. युरोपीय संघाच्या अक्षय ऊर्जेच्या नियमांत वापरलेलं तेल टाकाऊ पदार्थ गणलं जातं, आणि टाकाऊ पदार्थाच्या नावावर तो गोळा होईपर्यंतच्या टप्प्यांचं उत्सर्जन शून्य धरलं जातं. पामची बाग, त्यासाठी तुटलेलं जंगल, जहाज, रिफायनरी, सगळं कढईपाशी पुसलं गेलं. तेलाला पुनर्जन्म दिला आणि संचित कोरं केलं. कर्मसिद्धांताच्या कुठल्याही संप्रदायाने इतकी उदार सूट दिलेली नाही. सुटीचा परिणामही दिसला. उद्दिष्टाच्या मोजणीत अशा इंधनाला दुप्पट वजन मिळू लागल्यावर वापरलेल्या तेलाचा भाव काही वेळा ताज्या पामतेलाच्याही वर गेला, आणि ताजंच तेल ‘वापरलेलं’ म्हणून विकलं जात असल्याच्या शंका तिथे उघडपणे घेतल्या गेल्या. वापरलेपणालाच पुण्य चिकटलं की न वापरलेल्याला वापरलेलं करून दाखवण्याचा मोह होणारच.

आपल्याकडे हा पूर्वजन्म लहान नाही. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, वर्षाला दीड कोटी टनांच्या घरात, आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातल्या पामचा आहे. मेथॅनॉलचंही तेच, ते मुख्यतः नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनतं. तयार झालेल्या एस्टरच्या रेणूत साधारण एकोणीस कार्बन असतील तर त्यातला एक या खनिज मेथॅनॉलचा असतो. फार नाही, पण वहीत ‘शंभर टक्के हरित’ लिहायला तो एक कार्बन आड येतो. आणि आकाराबद्दल बोलायचं तर अन्न प्राधिकरणाच्याच अंदाजाने देशात वर्षाला सुमारे २२० कोटी लिटर वापरलेलं तेल गोळा होऊ शकतं. देशाचं डिझेल साधारण नऊ कोटी टन, म्हणजे दहा हजार कोटी लिटरहून अधिक. सगळं तेल, शेवटच्या थेंबापर्यंत, हाती आलं तरी जेमतेम दोन टक्के. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचं उद्दिष्ट ठेवलं आहे. नुसत्या कढया ते गाठून देणार नाहीत.

मुळशीत बसून ऊर्जेचं पुण्य मोजताना आणखी एक खातं उघडावं लागतं. नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटांच्या धरणासाठी जमीन जाऊ लागली, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, आणि पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव इथूनच मिळालं. लढा १९२४ पर्यंत चालला, हरला, आणि खोऱ्यातलं पाणी सह्याद्रीतून कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे उतरलं. ती वीज कोळसा न जाळता मुंबईला मिळत होती. आजच्या भाषेत ती ‘स्वच्छ’ होती, आणि जमीन सार्वजनिक हिताच्या नावाखाली घेतली होती. जमा मुंबईच्या वहीत पडली, नावे मावळच्या. धरण बांधायचंच नव्हतं असं मी या मजकुरात सिद्ध करायला निघालेलो नाही. पण ज्या तालुक्याने स्वच्छ ऊर्जेची नावे-बाजू शंभर वर्षं वाहिली आहे, तिथल्या मुलांनी ‘हे तेल आलं कुठून आणि कुणाच्या जमिनीतून’ हा रकाना वहीत ठेवू नये, हे मला पटत नाही.

यावर एक व्यवहारी आक्षेप येतो: पुण्य, शाबासकी, प्रमाणपत्र काढून घेतलं तर मुलं कशासाठी करतील? बाजारालाही नफा लागतोच. संकलकाने तेलाला भाव द्यावा, यात मला काहीच वावगं वाटत नाही. भाव मिळाला नाही तर ते गाड्यांवर परत जाईल. मोबदला आणि पुण्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला पुरेसा असताना दुसऱ्याची गरज काय हे आक्षेप घेणाऱ्यानेच सांगावं. मुलांचं म्हणाल तर प्रयोग स्वतःच इतका रंजक आहे, की त्याला पुण्याचा मुलामा लागत नाही. उलट अकरावीतला विद्यार्थी दोन टक्क्यांचं गणित स्वतः करतो आणि तरीही हे का करायचं असा प्रश्न विचारतो, तिथे रसायनशास्त्राच्या तासाला नीतिशास्त्राचा तास जोडला जातो. छोटं आहे म्हणून सोडून द्यायचं नसतं आणि केलं म्हणून मिरवायचंही नसतं, अशा कामांशी त्याची गाठ बहुधा पहिल्यांदाच पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मीमांसेवरच आहे. घाण काढणं हे ‘नित्य कर्तव्य’ आहे, त्याचं श्रेय मागू नये, हे आपल्या समाजाने शतकानुशतकं काही जातींना ऐकवलं. ज्यांनी घाण केली त्यांना श्रेय, ज्यांनी काढली त्यांना विटाळ. मग आज पुन्हा तीच परिभाषा कशाला? हा आक्षेप मी मान्य करतो, आणि त्यातूनच एक अट काढतो. नित्यकर्म कर्त्याला चिकटतं, जन्माला नाही. ज्याच्या कढईत तेल जळलं त्याचंच ते कर्तव्य, दुसऱ्यावर सोपवलं की ते नित्यकर्म उरत नाही, वेठ होते. मुळशीच्या लढ्याआधी पारनेरला सेनापती बापटांनी हातात झाडू घेतला तो याच अटीवर. गांधीवादी आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितलं, ते नाकारलं गेलं आणि गांधीजींना त्यासाठी उपोषण करावं लागलं. परंपरेने दिलेली कर्तव्याची कल्पना या माणसांनी टाकली नाही. ती चुकीच्या खांद्यावरून उचलून योग्य खांद्यावर ठेवली.

ही अट शाळेतल्या प्रयोगालाही लावून पाहता येते, आणि त्यासाठी वरच्या सोनेरी थराकडे न बघता खालच्या थराकडे बघावं. त्या ग्लिसरीनमध्ये साबण असतो, सोडा असतो आणि उरलेलं मेथॅनॉल असतं. मेथॅनॉल पोटात गेलं तर दृष्टी घालवतं, जीवही घेतं, आणि त्याची वाफही घातक असते. ते बेसिनमध्ये ओतायचं नसतं. मेथॅनॉल नीट वेगळं काढल्याशिवाय त्याचा साबणही करायचा नसतो. एका उष्ट्याची विल्हेवाट लावताना दुसरं उष्टं तयार झालं आहे, आणि त्याला भाव नाही, त्याचा फोटोही कुणी काढत नाही. तास संपल्यावर बायोडिझेलची बाटली प्रदर्शनाच्या टेबलावर जाते. खालचा थर शिक्षकाच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, झाकणाच्या कॅनमध्ये विद्यार्थी स्वतः भरतात, त्यावर चिठ्ठी लावतात आणि तो पुढे कुठे गेला याची नोंद वहीत करतात, की तो प्रयोगशाळेच्या शिपायासाठी तसाच ठेवून निघून जातात, हे कुठल्याही शाळेत जाऊन पाहता येण्यासारखं आहे.