घोडा अडतो तेव्हा



आजचं चिंतन कठोपनिषदावर, पहिल्या अध्यायाची तिसरी वल्ली. यमराज नचिकेताला रथाचं रूपक सांगतात. शरीर हा रथ, आत्मा रथात बसलेला स्वामी, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं म्हणजे घोडे आणि विषय म्हणजे ते घोडे ज्या वाटांवरून धावतात त्या वाटा. ज्याचा सारथी जाणता आणि लगाम हातात, तो विष्णूच्या परमपदाला पोचतो.

हे रूपक आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्यातून बहुतेक जण एकच गोष्ट उचलतात: घोडे वाईट, त्यांना चाबूक हवा. मग चातुर्मासात नेम धरायचा, आठव्या दिवशी तो मोडला की स्वतःला शिव्या घालायच्या आणि नवव्या दिवशी माळच खुंटीला टांगायची. "माझ्याच्याने नाही होणार" म्हणून साधना सोडणारे किती तरी जण आपल्या वयाचे आहेत. नेम मोडला हे नुकसान छोटं. त्यापायी देवाकडे पाठ फिरते, हे मोठं. म्हणून आज जरा घोड्याकडेच बघू या. यमराजांनी उपमेला नेमका हाच प्राणी का घेतला असेल?

आपल्या पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या वारली पाड्यांवर, लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मुख्य चौकात पालघाट देवी आणि शेजारच्या छोट्या चौकात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा देव, पंचशिऱ्या. त्याचा अर्थ वारली परंपरेचा स्वतःचा आहे, त्यावर मी बोलणार नाही. मला मात्र ते चित्र बघताना पाच इंद्रियं आठवतात. आणखी एक गंमत. ज्या लाल गेरूवर तो घोडा उभा आहे, तो लाल रंग खऱ्या घोड्याला लाल दिसतच नाही. त्याच्या डोळ्याला निळा आणि पिवळा कळतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. म्हणजे आपण आणि घोडा एकाच वाटेवर चाललो, तरी दोघांना दिसणारं जग एक नसतं.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांचा पट्टा दिसतो. हे शिकार होणाऱ्या प्राण्याचे डोळे आहेत. कुठे काही हललं की आधी दचकायचं, विचार नंतर. पण त्याला न दिसणाऱ्या जागाही आहेत: थेट पाठीमागे, कपाळाच्या अगदी समोर आणि नाकाखाली. तोंडाशी आलेलं गवत त्याला दिसत नाही, ते तो ओठांनी आणि मिशांच्या केसांनी चाचपतो. आपल्या इंद्रियांचंही हेच नाही का? लांबची खमंग वासाची भजी लगेच कळतात. घास ओठाशी आला की तो हवा की नको, हे जिभेला ठरवता येत नाही. तिथे सारथीच लागतो.

जव्हारजवळ शिरपामाळ आहे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले आणि जव्हारच्या मुकणे राजांनी त्यांचं स्वागत केलं, असं तिथे सांगतात. त्या डोंगराळ मुलखातून घोडदळ गेलं ते घोड्याच्या नजरेच्या भरवशावर. अंधारात घोड्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. मात्र लख्ख उजेडातून एकदम काळोखात जाताना त्याच्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. म्हणून तो तबेल्याच्या दारात अडतो. नवखा स्वार म्हणतो, हट्टी आहे, हाणा. जाणता स्वार क्षणभर थांबतो.

आता लगामाचं बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. गणित घातलं की तो खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०४ मध्ये जाणकारांच्या समितीने तपासलं, लबाडी काही सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी नीट प्रयोग केले, तेव्हा उलगडा झाला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं, अंग नकळत किंचित हलायचं आणि घोडा तेवढं टिपून थांबायचा. गणित त्याला येत नव्हतं. समोरचा माणूस मात्र त्याला वाचता येत होता.

मंडळी, मला इथे यमराजांचं रूपक खऱ्या अर्थाने उघडलं. लगाम दोन्ही बाजूंनी चालतो. अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरवणाऱ्या प्राण्याला स्वाराच्या हाताचा कंप कळणारच. तोंडाने "आज उपास" म्हणायचं आणि मनात साबुदाणा वडा घोळवायचा, तर घोडा शब्द ऐकत नाही, तो मन वाचतो. रात्री फोनकडे हात जातो तेव्हा हात बिचारा आज्ञाच पाळत असतो. मनात कंटाळा असतो, एकटेपण असतं, उद्याच्या कामाची धास्ती असते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची साधी शिस्त आहे: बिघाड दिसला की आधी आत काय येतंय ते बघ, मग दुरुस्तीला हात घाल.

आणि आपल्याकडे तर सारथ्याचा आदर्श प्रत्यक्ष भगवंत आहेत. महाभारताच्या द्रोणपर्वात चौदाव्या दिवशी अर्जुनाला सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला गाठायचं आहे, नाही तर अग्निप्रवेशाची प्रतिज्ञा. एकेक घटका मोलाची. घोडे थकलेले, बाणांनी घायाळ. अशा वेळी श्रीकृष्ण चाबूक उगारत नाहीत. भर रणात रथ थांबतो. अर्जुन खाली उतरून शत्रूला थोपवून धरतो, बाणाने जमिनीतून पाणी काढतो. भगवंत स्वतः घोडे सोडतात, त्यांच्या अंगातले बाण काढतात, त्यांना चोळतात, पाणी पाजतात. मग पुन्हा जुंपतात. आणि सूर्य मावळण्याआधी काम होतं.

"पुन्हा जुंपतात" हेही विसरू नका. घोड्याला समजून घेणं म्हणजे त्याला मोकाट सोडणं नव्हे. नेम सुटला की आधी बाण कुठे रुतलाय ते बघायचं: झोप कमी पडली, राग गिळला, की नुसतीच भूक होती? तो काढायचा आणि त्याच संध्याकाळी माळ परत हातात घ्यायची.

आजचा अभ्यास छोटाच. दिवसभरात एखादं इंद्रिय अडेल किंवा उधळेल, तेव्हा तीन श्वास थांबा आणि विचारा, "याला आत्ता काय दिसतंय?" मग एकदा नाम घ्या आणि लगाम त्या पार्थसारथीच्या हाती द्या. त्याला घोडे ओरबाडून हाकायची सवय नाही.

राम कृष्ण हरी!