डोक्यात मावलेलं इंजिन

125 सीसी म्हणजे जेमतेम अर्धा पेला. 1961 साली पूर्व जर्मनीतल्या चोपाउ गावच्या एमझेड या मोटारसायकल कारखान्याने एवढ्याशा जागेतून 25 अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरमागे 200. सुपरचार्जरशिवाय तिथवर पोचलेलं हे पहिलं इंजिन मानतात. आपल्याकडे जिच्या आठवणीने लोक आजही हळवे होतात ती आरएक्स 100 आली 1985 मध्ये, आणि तिची अश्वशक्ती होती 11.

टू-स्ट्रोकचं जुनं दुखणं असं, की धूर बाहेर जायची वाट आणि ताजं मिश्रण आत यायची वाट काही क्षण एकदमच उघड्या असतात. मग धुराच्या मागोमाग न जळलेलं पेट्रोलही निघून जातं. एमझेडच्या रेसिंग विभागाचा प्रमुख वॉल्टर काडेन याने यावरचा उपाय सिलिंडरच्या बाहेर, धुराच्या नळीत शोधला. नळी आधी हळूहळू फुगत जाते, मग निमुळती होते. पोर्ट उघडताच दाबाची लाट नळीतून धावते. फुगत्या भागातून उलट फिरलेली लाट सिलिंडरमधला धूर ओढून घेते. निमुळत्या टोकावर आपटून परतलेली लाट बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा आत ढकलते. एकही हलता भाग नसलेली ही झडपच झाली. मात्र लाट वेळेवर परतली पाहिजे. ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात गाडी झेपावते आणि त्याखाली मरगळते, ते यामुळे.

काडेनजवळ पैसा नव्हता, चांगला धातूही मिळायचा नाही. होता तो आकार. नळीची लांबी, शंकूचा उतार, मिश्रण आत आणणाऱ्या तिसऱ्या पोर्टची जागा, क्रँकला जोडलेल्या फिरत्या चकतीतली खाच. या आकड्यांना कच्चा माल लागत नाही, डोकं लागतं. मला एमझेडच्या या गाडीचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच वाटतं. आणि तिचा घातही यातूनच झाला.

त्याच सुमाराची होंडा बघा. तिची वाट फोर-स्ट्रोकची. पुढे 1966 मध्ये तिने 125 सीसीचे पाच सिलिंडर केले, प्रत्येकी 25 सीसीचे, मिनिटाला वीस हजारांवर फिरणारे. ते इंजिन कुणी समोर उघडून ठेवलं असतं तरी उतरवून घेता आलं नसतं. घड्याळजीच्या तोलाचे कारागीर, यंत्रं, अख्खा कारखाना सोबत न्यावा लागला असता. एमझेडचं शहाणपण मात्र एका माणसाच्या डोक्यात मावत होतं.

तो माणूस म्हणजे एर्न्स्ट डेग्नर. तो एमझेडचा नुसता स्वार नव्हता, इंजिन जाणणारा होता. बर्लिनची भिंत उभी राहून महिना झाला होता. सप्टेंबर 1961 मध्ये स्वीडनच्या शर्यतीत, विश्वविजेतेपद टप्प्यात असताना, त्याचं इंजिन बिघडलं. तो परत गेलाच नाही. बायकामुलांना गाडीच्या डिकीत लपवून पश्चिम जर्मनीत आणलं गेलं. डोक्यातलं ते शहाणपण त्याच्यासोबत सुझुकीकडे गेलं, आणि पुढच्याच वर्षी तो सुझुकीवर 50 सीसीचा विश्वविजेता झाला. टू-स्ट्रोकचं हे पहिलं जगज्जेतेपद. एमझेडला ते कधीच मिळालं नाही.

चोरी म्हणायची तर म्हणता येईल. पण काडेनची नळी तरी पूर्णपणे त्याची कुठे होती? तसा प्रयोग त्याच्या आधी डीकेडब्ल्यूच्या एरिक वोल्फने केला होता, आणि चकतीची झडप काडेनने डॅनियल त्सिमरमन या हौशी स्वाराच्या गाडीवर पाहिली होती. त्याने या गोष्टी एकत्र आणून लाटांचा हिशेब नीट बसवला, हे श्रेय त्याचंच. फरक असा, की वोल्फ आणि त्सिमरमन यांच्याकडून घेताना कुणाला देश सोडावा लागला नव्हता. डेग्नरला सोडावा लागला, आणि मुलांना डिकीत घालावं लागलं. म्हणून मी काडेनसाठी हळहळतो, पण ज्या राजवटीने त्याला धातू दिला नाही आणि डेग्नरला दार उघडं ठेवलं नाही, तिच्या नुकसानीबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही.