अपराध मोजावा कशानें?

जोंधळ्याच्या पिकावर पांखरें उतरलीं असतां दोघे शेजारी आपापल्या मचाणावरून गोफण फिरवितात. वाटेनें कोणी येत आहे कीं काय, हें दोघांपैकीं एकानेंही पाहिलें नाहीं. एकाचा धोंडा ढेकळांत पडतो; दुसऱ्याचा धोंडा वाटेनें जाणाऱ्या मुलाच्या कपाळीं बसतो. पहिल्यास कोणी शब्दही बोलत नाहीं. दुसऱ्याच्या दारीं सारा गांव जमतो. तथापि दोघांची चूक तर एकच होती. मग अपराध मोजावा तो कशानें? मनांतील हेतूनें, हातून घडलेल्या कृत्यानें, कीं दुसऱ्यास झालेल्या इजेनें?

हा प्रश्न न्यायाधीशांचाच आहे असें कोणीं समजूं नये. घरांत, पंचांत व मंडळींत तो आपणां सर्वांपुढें येतो. परंतु आपल्या भांडणांत आपला राग व आपली सोयरीक मध्यें येते, म्हणून तो स्पष्ट दिसत नाहीं. ह्याकरितां आज आम्ही दूर देशच्या एका खेळाचें उदाहरण घेतों. कारण तेथें हाच प्रश्न हंगामभर दर आठवड्यास लोकांसमोर सोडवावा लागतो.

त्या खेळास रग्बी लीग म्हणतात. इ. स. १८९५ सालीं इंग्लंडांतील हडर्सफील्ड शहरीं त्याचा पाया घातला गेला. खेळापायीं कामाचा दिवस बुडाला तर मजूर खेळाडूंस भरपाई द्यावी कीं नाहीं, ह्या वादावरून उत्तरेकडील क्लब तेव्हां निराळे झाले. पुढें हा खेळ ऑस्ट्रेलियांत गेला व तेथें फार लोकप्रिय झाला. प्रत्येक बाजूस तेरा गडी असतात. एकजण अंडाकृति चेंडू घेऊन धांवतो, आणि समोरचे गडी त्यास धरून खालीं पाडतात. ह्यास ते टॅकल म्हणतात. आपल्या हुतुतूंतील पकडच ती, परंतु धांवत्या धिप्पाड पुरुषांची. पकड हा त्या खेळाचा प्राण होय. पण मानेवर किंवा डोक्यावर आघात करणें, आणि धरलेल्या गड्यास उचलून, आडवा करून, डोक्यावर किंवा मानेवर पडेल असा खालीं टाकणें, ह्यांस मनाई आहे. ऑस्ट्रेलियांतील मुख्य स्पर्धेंत सामन्यानंतर एक समिती चित्रफीत पाहून आरोप व त्याची पायरी ठरविते. खेळाडूनें अपराध लवकर कबूल केला तर शिक्षा कमी होते. नाहीं तर त्यास न्यायमंडळापुढें उभें राहावें लागतें. ह्या मंडळांत जुने खेळाडूच बसतात, आणि अध्यक्ष कायद्याचा जाणकार असतो.

आतां एक प्रसंग पाहूं. ता. २४ मार्च २०१४ रोजीं मेलबर्न शहरीं न्यूकॅसल नाइट्स व मेलबर्न स्टॉर्म ह्यांचा सामना झाला. न्यूकॅसलचा अॅलेक्स मॅकिनन हा २२ वर्षांचा तरुण चेंडू घेऊन धांवत असतां तिघांनीं त्यास धरिलें. त्यांतील जॉर्डन मॅक्लीन ह्यानें त्याचा पाय उचलला. मॅकिनन उलटला आणि डोकें वांकलेल्या स्थितींत मानेवर आपटला. त्याच्या मानेचे मणके मोडले, आणि तेव्हांपासून त्यास चाकांच्या खुर्चीचा आश्रय घ्यावा लागला. न्यायमंडळानें मॅक्लीन ह्यास सात सामन्यांची बंदी केली.

लोकांत लागलीच दोन पक्ष झाले. एक पक्ष म्हणाला, “हा अपघात होता. ह्या तरुणाच्या मनांत वैर नव्हतें. मग शिक्षा कसली?” दुसरा म्हणाला, “एका माणसाचे हातपाय गेले. आणि सात सामने ही काय शिक्षा?” दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत सत्याचा अंश आहे, म्हणून दोन्हींचा विचार केला पाहिजे.

प्रथम इजेनें मोजणाऱ्यांकडे पाहूं. मोडलेल्या मानेची बरोबरी करील अशी शिक्षा खेळाच्या कायद्यांत कोठून मिळणार? सात काय आणि सत्तर काय, सारख्याच अपुऱ्या. शिवाय असेंच उचलून पाडल्याबद्दल, पडलेला गडी सुखरूप उठला तेव्हां, पुष्कळ कमी शिक्षा झालेल्या आहेत. म्हणजे कृत्य तेंच. दैवानें वांचविलें त्यास सूट आणि न वांचविलें त्यास भार! दुसरेंही एक कारण आहे. सर्व इजा त्याच दिवशीं दिसत नाहीं. सन २०१९ मध्यें सिडनी येथील संशोधकांनीं दोन माजी रग्बी लीग खेळाडूंच्या मेंदूंत, त्यांच्या मृत्यूनंतर, डोक्यावर वारंवार बसलेल्या धक्क्यांशीं संबंध असलेला रोग आढळल्याचें प्रसिद्ध केलें. जो घाव वीस वर्षांनीं उघड होणार, त्याचें माप आज पंच कसें घेणार?

आतां हेतूनें मोजणाऱ्यांकडे वळूं. “मनांत नव्हतें” एवढ्यानें माणूस सुटतो काय? मोशेच्या नियमशास्त्रांतील कुऱ्हाडीचा दृष्टांत आमच्या वाचकांस ठाऊक आहे. लांकडें तोडतांना दांड्याचें पातें निसटून शेजारी मेला, तर त्या मनुष्यास मरणदंड नव्हता. त्याच्यासाठीं शरणपुरें नेमिलीं होतीं. परंतु तो दुसऱ्याच दिवशीं घरीं येऊन पूर्ववत् नांदूं लागे असेंही नव्हतें. मुख्य याजकाच्या मृत्यूपर्यंत त्यास तेथेंच राहावें लागे. वैर नव्हतें म्हणून सूड नाहीं. पण एक जीव गेला, तेव्हां कांहींच झालें नाहीं असेंही नाहीं.

त्याच शास्त्रांत नव्या घराच्या धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे. ह्या आज्ञेचें मर्म पाहा. कोणी पडल्यावर दोष सुरू होतो असें नाहीं. कठडा न बांधला त्याच दिवशीं तो सुरू झाला. कोणी पडला नाहीं तर तें घरधन्याचें नशीब. त्याचें नीतिमत्त्व नव्हे. वैर व अपघात ह्यांच्यामध्यें अशी एक तिसरी जागा आहे. तिचें नांव बेपर्वाई. धोका कळण्याजोगा होता, हात आवरतां येण्याजोगा होता, तरी आवरला नाहीं, ती ही जागा. खरा न्याय येथें मोजमाप करितो.

रग्बी लीगच्या न्यायांतही उंच पकडीच्या आरोपाचे निष्काळजीपणाचा, बेपर्वाईचा व हेतुपुरस्सर, असे भेद होते. ऑगस्ट २०२१ मध्यें साउथ सिडनीच्या लॅट्रेल मिचेल ह्याच्या आघातानें सिडनी रूस्टर्सच्या जोसेफ मनू ह्याचें गालाचें हाड मोडलें. मैदानावर पंचानें मिचेल ह्यास दहा मिनिटेंच बाहेर बसविलें; पण मागाहून बेपर्वाईच्या आरोपाखालीं त्यास सहा सामन्यांची बंदी झाली. ऑक्टोबरांत त्याचा संघ अंतिम सामना त्याच्यावांचून खेळला आणि १४ विरुद्ध १२ अशा दोनच गुणांनीं हरला. एकाच्या बेपर्वाईचा भार त्याच्या निरपराध सोबत्यांसही उचलावा लागतो, हेंही ह्यावरून दिसतें.

त्याच वर्षीं मे महिन्यांत तेथील अधिकाऱ्यांनीं डोकें व मान ह्यांवरील आघाताविषयीं कडक धोरण धरिलें. ब्रिस्बेन येथें झालेल्या एका फेरींत तिघांस मैदानांतून कायमचें काढण्यांत आलें आणि चौदा वेळां गड्यांस दहा दहा मिनिटें बाहेर पाठविण्यांत आलें. खेळ बायकी झाला, अशी मोठी ओरड झाली. आम्हांस ती ओरड पटत नाहीं. खेळाडूनें अंगावर घेतलेला धोका हा नियमांत बसणाऱ्या पकडीचा आहे; मान मोडून घेण्यास कोणीही कबुली दिलेली नसते. आणि धैर्य म्हणजे तरी काय? दुसऱ्याचा देह आपल्या मुठींत असतां, रागाच्या व जयाच्या भरांतही हात आवरणें, ह्याला धैर्य अधिक लागतें. कडकपणा मात्र एका आठवड्यापुरता असूं नये. आज कडक व उद्यां ढिला असा नियम कोणासच कांहीं शिकवीत नाहीं.

असो. बेपर्वाईनें अपराध मोजावा हें ठरलें, तरी मॅकिननसारख्याचें काय? त्याच्या दुःखाचें माप न्यायांत कोठेंच येऊं नये काय? येथें आमचें मुख्य म्हणणें आहे. खातीं दोन आहेत, आणि तीं निराळीं ठेविलीं पाहिजेत. एक शिक्षेचें, दुसरें ऋणाचें. शिक्षा अपराध्याच्या बेपर्वाईइतकी असावी. ऋण मात्र झालेल्या इजेइतकें असतें, मग हेतु कसाही असो. मोशेच्या शास्त्रानेंही मारामारींत अंथरुणास खिळलेल्या मनुष्याचा बुडालेला वेळ व औषधोपचार भरून देण्याचें वेगळें सांगितलें आहे. मजुराच्या बुडालेल्या दिवसावरून जन्मलेल्या खेळास तर हें खातें सहज समजावें. २०१४ सालींच लीगच्या एका संपूर्ण फेरीचे सामने मॅकिननच्या साहाय्यार्थ वाहण्यांत आले, तें योग्यच झालें. हें ऋण एकट्या मॅक्लीनचें नव्हे. त्या खेळावर ज्यांचें पोट चालतें व ज्यांची करमणूक होते, त्या सर्वांचें आहे. खातीं एकत्र केलीं कीं दोन्ही बिघडतात. दुखावलेल्याच्या समाधानासाठीं शिक्षा फुगते, अथवा शिक्षा झाली म्हणून जखमी मनुष्यास सर्व विसरतात.

वाचकहो, आपल्या पंचांपुढें गोफणीचा धोंडा येईल, उधळलेला बैल येईल, दारूच्या भरांत लोटलेला भाऊ येईल. तेव्हां तीन गोष्टी क्रमानें विचाराव्या. ह्यास धोका कळण्याजोगा होता काय? कळत असतां ह्यानें हात आवरला काय? आणि तिसरें, जो पडला त्याच्या घरीं आज चूल कोण पेटवितो? पहिल्या दोहोंवरून शिक्षा ठरवा. तिसऱ्याचें उत्तर अपराध्यानें द्यावयाचें आहे, पण त्याच्या एकट्याच्यानें तें पुरें होत नसेल, तर तें आपण सर्वांनीं द्यावें. आणि ज्याचा धोंडा ढेकळांत पडला, त्यानें शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपली गोफण खालीं ठेवून वाटेकडे पाहावें.