नावाची पागडी

आमच्या परिचयाचे एक निवृत्त अधिकारी आहेत. नोकरीची अखेरची वर्षे त्यांनी कोलकात्यात काढली आणि पुढे ते येथेच स्थायिक झाले. गेली बारा वर्षे त्यांनी एक छंद जोपासला आहे. महाजालावरील संकेतस्थळांना जी नावे असतात, ज्यांस व्यवहारात ‘डोमेन’ म्हणतात, त्यांपैकी चार-पाच अक्षरांची आखूड नावे ते स्वतःकडे नोंदवून ठेवतात. त्या नावांवर त्यांचे दुकान नाही, दप्तर नाही. पुढे केव्हातरी कोणास ते नाव हवेसे वाटेल आणि तो चांगली किंमत देईल, एवढाच हिशेब.

अलीकडे त्यांच्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले. ही नावे मृत्युपत्रात मुलांच्या नावे लिहावीत काय, हा पहिला. दुसरा अधिक नाजूक. हातमागाचे कापड विणणाऱ्या स्त्रियांच्या एका लहानशा संस्थेने त्यांच्याजवळचे एक नाव मागितले. संस्थेची ऐपत पंचवीस हजारांची. दलालाचे म्हणणे असे की थांबावे, चार-पाच वर्षांत त्याच नावाचे काही लाख होतील. “थांबण्यात काही पाप आहे काय?” असे त्यांनी आम्हांस विचारले. प्रश्न एका गृहस्थाचा असला तरी त्याच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे, म्हणून त्याचा येथे विचार करावयाचा.

आखूड नावांची टंचाई खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. रोमन लिपीत अक्षरे २६. त्यांतून दोन अक्षरी नावे ६७६ होतात, तीन अक्षरी १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६. याहून एकही अधिक नाही. ‘डॉट कॉम’ची नोंदणी १९८५ साली सुरू झाली, आणि १९९५ पर्यंत तीस शुल्कही नव्हते. विसावे शतक संपण्यापूर्वीच तीन अक्षरी नावे संपली. २००७ च्या सुमारास चार अक्षरीही संपली. पुढे ज्यांस ती हवी होती त्यांस ती पूर्वीच्या धारकाकडून विकत घ्यावी लागली. फेसबुकने २०१० साली आपल्या नावातील दोन अक्षरांसाठी अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या एका महासंघास पंच्याऐंशी लक्ष डॉलर दिले. ‘व्हॉइस’ हा साधा इंग्रजी शब्द २०१९ साली तीन कोटी डॉलरांस गेला. अशा वार्ता कानी आल्या म्हणजे आमच्या स्नेह्यांसारख्या सरळ माणसालाही मोह पडावा, यात नवल नाही.

परंतु या व्यवहारात विकले काय जाते? मालकी नव्हे. नाव एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी मिळते. शुल्क भरावयाचे राहिले, की सवलतीची मुदत सरताच ते पुन्हा कोणासही खुले होते. म्हणजे धारक हा भाडेकरूच. आणि भाडेकरू आपली जागा सोडण्याबद्दल जे द्रव्य घेतो त्यास मुंबईत पागडी म्हणतात, कोलकात्यात सेलामी. नाव विकणे म्हणजे नावाची पागडी घेणे होय.

आपण राहतो ते हे शहर अशाच एका व्यवहारातून उभे राहिले. १६९८ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुतानुटी, कलिकाता व गोविंदपूर या तीन गावांचे जमीनदारी हक्क सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून १३०० रुपयांस घेतले. तीही मालकी नव्हती. सारा वसूल करण्याचा हक्क होता, आणि त्यापोटी मोगल खजिन्यात दरसाल भरणा करावा लागे. त्याच भूमीच्या एका कठ्ठ्याची किंमत आज कोठे जाऊन पोहोचली आहे! ती वाढवली कोणी? गोदीतल्या हमालांनी, तागाच्या गिरण्यांतल्या मजुरांनी, शाळा-इस्पितळे चालवणाऱ्यांनी, पोटासाठी बिहार-ओरिसातून आलेल्या लक्षावधी माणसांनी. जॉब चार्नॉक यास या शहराचा संस्थापक मानता येत नाही, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ साली म्हटले. त्या निर्णयाचा इतिहासाच्या दृष्टीने जो अर्थ असेल तो असो. आम्हांस त्यात एक नैतिक तथ्यही दिसते. शहराचे मोल कोणा एकाने निर्माण केलेले नसते. नावाचेही तसेच आहे. आखूड नावास किंमत येते ती ते वापरून कोणीतरी उद्योग उभारील म्हणून. तो उद्योग अद्याप व्हावयाचा असतो आणि धारक त्याचा वाटा आधीच मागून बसलेला असतो.

यावर आमच्या स्नेह्यांचे उत्तर तयार होते. “धान्याचा व्यापारी सुगीत घेतो, टंचाईत विकतो. त्याच्या दूरदृष्टीस तुम्ही नफा देता, मग माझ्या दूरदृष्टीस का नाही?” युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, परंतु दोहोंत एक मूलगामी भेद आहे. व्यापाऱ्याने धान्य साठवले नसते तर ते खाऊन संपले असते अथवा किडून गेले असते. तो जपतो म्हणून ते टंचाईत मिळते. नाव किडत नाही. आमच्या स्नेह्यांनी ते नोंदवले नसते तर ते जेथल्या तेथे राहिले असते, आणि त्या विणकर स्त्रियांना केवळ वर्षाच्या शुल्कात मिळाले असते. येथे साठवणूक नाही, केवळ अडवणूक आहे.

“मी घेतले नसते तर दुसऱ्याने घेतले असते,” असे ते मग म्हणाले. हे उत्तर आम्ही सरकारी दप्तरांत वेगळ्या संदर्भात पुष्कळदा ऐकले आहे, आणि वाचकांपैकीही अनेकांनी ऐकले असेल. दुसऱ्याने केले असते म्हणून आपले करणे निर्दोष ठरत नाही, हे आपण हाताखालच्या लोकांस सांगत आलो. निवृत्तीनंतर तो नियम बदलत नाही. हे ऐकून ते हसले, पण काही बोलले नाहीत.

तथापि सर्व धारकांस एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्यांचा तो महासंघ स्वतःच्या नावाची आद्याक्षरे स्वतः वापरत होता; राहते घर सोडण्याचा मोबदला त्याने घेतला, यात वावगे काय? याच्या अगदी उलट, दुसऱ्याच्या कष्टाने नावारूपास आलेला शब्द जो बळकावतो तो आयत्या बिळावरचा नागोबा. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावातील अक्षरे जुळवून ‘सिफी’ हा शब्द घडवला. त्याच्याशी मिळतेजुळते नाव दुसऱ्या कंपनीने घेतले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली डोमेन नावासही व्यापारी नावासारखे संरक्षण दिले. कधी कधी मात्र आपली सहानुभूती विचाराची वाट अडवते. दिल्लीच्या एका तरुणाने जिओ व हॉटस्टार एकत्र येतील, असा अंदाज बांधून दोन्ही नावांचे जोडनाव आधीच नोंदवले, आणि २०२४ साली त्याच्या मोबदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. समोर बलाढ्य कंपनी होती, म्हणून पुष्कळांस त्याचे कौतुक वाटले. पण ते दोन्ही शब्द त्याने कमावलेले नव्हते. गरजवंताचा हेतू चांगला असला म्हणून दुसऱ्याची वस्तू त्याची होत नाही.

आमचे स्नेही या दोहोंच्या मध्ये उभे आहेत. त्यांचा शब्द सामान्य आहे, कोणाचा चोरलेला नाही. म्हणून ते चोर नव्हेत. पण त्यांनी तो वापरलाही नाही. म्हणून त्यांचा हक्क तोकडा आहे. झालेला खर्च आणि पत्करलेल्या जोखमीचा माफक मोबदला, एवढे त्यांनी अवश्य घ्यावे. त्यापलीकडचे द्रव्य ‘अडला हरी’ या न्यायाने मिळणारे. त्याचे माप वस्तूचे मोल नसून दुसऱ्याचे अडलेपण असते.

राहिला मृत्युपत्राचा प्रश्न. तो नीतीचा कमी आणि व्यवहाराचा अधिक. आखूड नावास उद्याही किंमत राहील काय? संख्या मर्यादित आहे खरी, परंतु दुर्मिळ तेवढे सर्व मोलाचे असते, असे नाही. आज माणसे पत्ता आठवून टंकित करीत नाहीत; शोधयंत्रास विचारतात, भ्रमणध्वनीवरील चित्रावर बोट ठेवतात. २०१३ पासून शेकडो नवे प्रत्यय आले. मुळात प्रत्ययही चिरंजीव नाही. युगोस्लाव्हिया विघटित झाला आणि २०१० साली त्याचा ‘डॉट वाययू’ बंद पडला; त्यावरची नावे कितीही आखूड असोत, शून्य झाली. ‘डॉट आयओ’ ज्या हिंदी महासागरातील ब्रिटिश प्रदेशाचा, त्या बेटांविषयी ब्रिटन व मॉरिशस यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला आणि त्या प्रत्ययाच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली. २००१ साली कलकत्त्याचे कोलकाता झाले. उच्च न्यायालय व विद्यापीठ यांनी जुनेच नाव ठेवले. कोणते नाव टिकेल हे शासनासही सांगता येत नाही, मग दलालास कोठून? खुद्द लायन्स रेंजमध्ये १९०८ साली स्थापन झालेल्या शेअर बाजाराची वास्तू उभी आहे, परंतु २०१३ पासून तेथील व्यवहार थांबले आहेत. पत्ता राहिला, गिऱ्हाईक गेले. मुलांना वारसा म्हणून जे मिळेल त्यात दरसालच्या शुल्काचा बोजा निश्चित आहे, लाभ अनिश्चित.

आपल्या लिपीकडे पाहिले तर हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. २०१४ पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत उपलब्ध आहे आणि मराठीसाठीही खुला आहे. त्यासाठी सट्टेवाल्यांची तशी झुंबड उडाली नाही, कारण त्यावर उद्योग उभारणारेच थोडे. म्हणजे किंमत शब्दाच्या आखूडपणात नसते. त्याच्यामागे राबणाऱ्या हातांत असते.

बदलीच्या नोकरीत आपण सर्वांनी सरकारी निवासस्थानाच्या दारावर आपल्या नावाची पाटी लावली आणि मुदत संपताच काढून नेली. पुढच्या अधिकाऱ्याकडे त्याबद्दल काही मागावे, असे आपल्या मनातही आले नाही. कारण ती जागा काही काळ आपल्या स्वाधीन होती, आपली नव्हती.

विणकर स्त्रियांना ते नाव गेल्या महिन्यात पंचवीस हजारांस मिळाले. उरलेल्या नावांचे काय करावयाचे हे आमच्या स्नेह्यांनी अद्याप ठरवलेले नाही. आम्हीही विचारलेले नाही. त्यांच्या नूतनीकरणाची तारीख चैत्रात येते.