कच्चा रंग

वाचक माउली, आज एका परकराची गोष्ट सांगणार आहे. परमार्थाच्या मासिकात परकर कुठून आला, असे मनात येईल. पण आपले नामदेवराय शिंपीच होते, तेव्हा कापडाची गोष्ट या संप्रदायाला परकी नाही.

आम्ही देवळाली कॅम्पात राहतो. छावणीचे गाव, मराठी, सिंधी, पारशी, ख्रिस्ती अशी सगळी कुटुंबे इथे शेजारशेजारी नांदतात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा करून मी घरी आलो, तो मागल्या अंगणात शेगडीवर मोठे पातेले चढलेले. शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या मुलीचे लग्न आठ दिवसांवर आले होते. ही पोर आमच्याच अंगणात खेळून मोठी झाली, मला आजोबा म्हणते. तिचा लग्नाचा झगा पांढराशुभ्र. पण त्याच्या आतला जाळीचा परकर तिला झगझगीत राणी रंगाचा हवा होता. तिची आई आणि आमची सूनबाई तो घरीच रंगवत होत्या.

सूनबाईने मला सारे समजावून सांगितले. जाळी नायलॉनची होती म्हणून बरे. रेशीम-लोकरीचा जो रंग असतो, तोच नायलॉनलाही चढतो. पाण्यात व्हिनेगर घालायचे, पाणी चांगले तापते ठेवायचे आणि अर्धा तास काठीने हलवत राहायचे. हलवणे थांबले की डाग पडतात. सुती कापडाला रंग वेगळा आणि त्यात मीठ लागते. पॉलिस्टरला हा रंग धरतच नाही. आणि ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचे नाही.

तेवढ्यात मुलीची आत्या आली. ती म्हणाली, "वरून पांढरं आणि आतून हे असलं! देवाच्या दारात ही फसवणूकच की. आणि दिसणार कुणाला?" पोर हिरमुसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, खरंच पाप आहे का हो?"

माउली, प्रश्न लहान नाही. बाहेर एक आणि आत एक, याला आपण दंभ म्हणतो, आणि दंभावर मी जन्मभर कीर्तनांतून कोरडे ओढले. पांढऱ्याचा नियम देवाने घातलेला नाही, हे तर उघड आहे. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया 1840 साली पांढऱ्या पोशाखात लग्नाला उभी राहिली, तेव्हापासून ती चाल फार पसरली. आपल्याकडे नवरी हळदीच्या पिवळ्यात बसते. पण आत्याचा प्रश्न रंगाचा नव्हताच, तो लपवण्याचा होता.

मी पोरीला उलट विचारले, "चालताना झगा उचलला आणि परकर दिसला, तर तुला काय वाटेल?" ती म्हणाली, "हसेन मी! सगळेच हसतील." मी म्हटले, "मग पाप नाही." जे उघडे पडले तर लाज वाटेल, ते झाकणे म्हणजे दंभ. जे उघडे पडले तर आनंदच होईल, ते झाकलेले असले तरी निर्मळच. घरचे जागे होण्याआधी कोणी माउली नाम घेत असेल, तर तिनेही ते लपवलेलेच असते. त्याला आपण ढोंग म्हणतो का?

आत्या गप्प झाली. पण खरा धडा पुढेच होता. परकर धुऊन वाळत घालण्याआधी मुलीच्या आईने एक पांढरा रुमाल ओला केला आणि परकरावर दाबून धरला. रुमाल गुलाबी झाला. ती म्हणाली, "अजून कच्चा आहे. घामाने सुटेल आणि वरचा झगा नासवेल." पुन्हा धुतला, पुन्हा रुमाल दाबला. पाणी नितळ येऊन रुमाल कोरा निघेपर्यंत ती बाई थांबली नाही.

मी ओट्यावर बसून तो रुमाल पाहत होतो. हळदीचा रंगही असाच. लागतो चटकन, उन्हात उडतो, साबण लागला की लाल होतो. मंजिष्ठेला तुरटीची जोड आणि वेळ दोन्ही द्यावी लागतात, पण मग तो रंग टिकतो.

आता माझे सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी थोरल्या मुलीच्या लग्नाआधी एका सप्ताहात मी क्रोधावर दोन तास निरूपण केले. माणसे डोलली, पाया पडली. आणि लग्नात पंगतीला उशीर झाला, व्याही ताटकळले, तेव्हा आमच्या मंडळींना मी चारचौघांत नको ते बोललो. ती एक शब्द बोलली नाही. पदराने डोळे पुसले आणि वाढायला गेली. मांडवातल्या घामाने माझा रंग सुटला, आणि डाग पडला तो तिच्या आनंदावर. मी कधी क्षमा मागितली नाही. लोक महाराज म्हणत होते, त्या मोठेपणात ते राहून गेले. तिला जाऊन आता सहा वर्षे झाली.

त्या रात्री मी मुलीला फोन केला आणि हे बोललो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मला आठवतं ते. आई असती तर आत्ता म्हणाली असती, पुरे झालं, जेवून घ्या."

लग्नाच्या दिवशी पायऱ्या चढताना पोरीने झगा उचलला, राणी रंग दिसला, आणि सगळ्यांआधी आत्या हसली. वरचा झगा शुभ्रच राहिला.

माउली, आपण गंध लावतो, माळ घालतो, बुक्का लावतो. हे सारे वरचे वस्त्र, ते असावेच. पण आतला रंग पक्का झाला की नाही, हे कीर्तनातल्या टाळ्यांवरून कळत नाही. ते घरच्या माणसाला कळते, कारण आपल्या घामाजवळ तेच असते. तेव्हा आज हरिपाठ झाल्यावर त्याला एकदा विचारा, की माझा कच्चा रंग तुला कधी लागला का? तो हो म्हणाला तर वाद घालू नका. विचारायला ते माणूस आहे, तोवर विचारा.