दादीचे कष्ट

आई-आजीच्या कष्टांची स्तुती हा आदर, की आपली सोय? जनगणनेत नुसते घर सांभाळणारी बाई ‘काम न करणारी’ ठरते. शरीअतने मात्र काही परिस्थितीत आजीलाही वारशात सहावा हिस्सा ठेवला. म्हणजे तिचा हक्क मोजून देता येतो. मालेगावात आमच्या दादीने यंत्रमागाच्या कांड्या भरून मुले वाढवली. सेहरीला सर्वांना गरम रोटी, स्वतःला शिळी. ती गेल्यावर लोक म्हणाले, किती सोसले बिचारीने! सोसण्याचेच कौतुक केले, की सोसायला लावणारे सुटतात. जन्नत आईच्या पायाखाली असते, हे आम्हा शिक्षकांना तोंडपाठ. ते पाय दुखतात का, हे विचारणारा विरळा. दादीच्या चाळिसाव्याला बिर्याणीची देग अम्मीने चढवली, अंगात ताप असताना. आणि जेवणारे तिच्या हाताचीही तारीफ करीत होते.